खड्ड्यात पॅनिअर सुटते? हुक जाड करण्याआधी हे तपासा

लक्षण असं असतं. घरी बनवलेली पॅनिअर, म्हणजे मागच्या चाकाशेजारी टांगायची बॅग, सायकलच्या कॅरिअरला लावली, कॉलनीत दोन चकरा मारल्या, सगळं ठीक. मग सामान भरून निघालात, शहराबाहेर पहिला रंबलर लागला आणि मागून 'खट्' असा आवाज आला. बघता तर एक हुक रॉडवरून सुटलाय आणि बॅग दुसऱ्या हुकावर तिरकी लोंबतेय. थांबून परत अडकवता, वरून बंजी (टोकांना हुक असलेली ताणली जाणारी दोरी) आवळता. पुढचे काही किलोमीटर बरे जातात आणि पुढच्या खड्ड्यात येरे माझ्या मागल्या. घरी आल्यावर बहुतेक जण हुक बदलतात. ॲल्युमिनियमच्या जागी लोखंडी बसवतात, दोनच्या जागी तीन करतात. पुढच्या फेरीत तेही सुटतात.

याचं कारण सरळ आहे. हुक बॅगेला खाली पडू देत नाही, एवढंच त्याचं काम. आणि आपली बॅग सुटते ती खाली पडून नव्हे, वर उडून सुटते. वर उडणाऱ्या वस्तूला हुक कितीही जाड केला तरी अडवू शकत नाही, कारण त्याचं तोंड खालच्या बाजूला उघडंच असतं.

गतिरोधकावर नेमकं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. चाक उंचवट्यावर चढतं तेव्हा कॅरिअर बॅगेला वर ढकलतं. पुढच्याच क्षणी सायकल खाली येते, तुमचं वजन तिला खाली दाबतं, पण बॅग अजून वरच निघालेली असते. हवेत सोडलेली वस्तू जेवढ्या वेगानं खाली येऊ लागते त्याच्या दुप्पट त्वरेनं कॅरिअर खाली गेलं, तर सहा किलोची बॅग रॉडला चिकटून राहायला तिला सहा किलोच्या जोरानं खाली ओढून धरावं लागतं. आपली बंजी तेवढं ओढते का? सामान मोजायचा टांगता काटा घरात असेल तर बंजीला लावून नेहमीइतकी ताणून बघा. नवी बंजीसुद्धा बऱ्याचदा तीन-चार किलोवरच थांबते, उन्हात वर्षभर राहिलेली तर त्याहून कमी. शिवाय बंजी मुळातच ताणली जाणारी आहे. बॅग उडाली की तीही लांबते, आणि हुकाला सुटायला एक-दोन सेंटीमीटर पुरतात.

म्हणून पॅनिअर बनवताना चार दिशांचा विचार वेगवेगळा करावा लागतो: खाली, वर, पुढे-मागे आणि चाकाच्या आत-बाहेर. घरगुती पॅनिअरमध्ये 'खाली'वर सगळी मेहनत जाते आणि बाकीच्या तीन दिशा एका बंजीच्या भरवशावर सोडलेल्या असतात.

आधी खुणा बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी बॅग काढून कॅरिअरच्या वरच्या रॉडवर टॉर्च मारा. काळा रंग कुठे उडालाय त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. रॉडच्या माथ्यावर बोटभर लांबीचा चंदेरी पट्टा दिसला तर बॅग पुढे-मागे सरकतेय. माथ्यावर हुकाच्या रुंदीएवढीच चपटी, ठोकल्यासारखी जागा दिसली तर बॅग उडून परत त्याच जागी आदळतेय. रॉडच्या आतल्या, म्हणजे चाकाकडच्या अंगाला उभी बारीक ओरखड असेल तर हुकाचं टोक वर जाता-येता घासतंय. म्हणजे हुक अजून सुटला नसला तरी सुटायच्या बेतात आहे.

मग बॅगेची पाठ बघा. खालच्या भागात कमानीसारखी काळी रेघ उमटली असेल तर ती स्पोकची आहे. अशी रेघ दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेवढं दुरुस्त करा आणि तोपर्यंत त्या बॅगेसकट घाट उतरू नका. आंबेनळी घाटासारख्या उतारावर बॅगेचा खालचा कोपरा किंवा लोंबता पट्टा स्पोकमध्ये गेला तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं.

वरची दिशा: पट्टा कुठे पक्का करायचा

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो साधा पंचवीस मिलिमीटर रुंदीचा नवारीचा पट्टा आणि एक क्लिप. बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा सीट कव्हर शिवणाऱ्याकडे दोन्ही मिळतं. शक्यतो पॉलिस्टरचा पट्टा मागा. नायलॉनही मजबूत असतं, पण पाणी पिऊन ते थोडं सैल पडतं, आणि पावसात नेमकं तेव्हाच आपल्याला ते नको असतं.

पट्टा दोन हुकांच्या मधोमध लावायचा. त्याचं एक टोक बॅगेच्या पाठीला बोल्टनं पक्कं, मग पट्टा रॉडच्या आतल्या बाजूनं वर, रॉडवरून बाहेर, आणि बॅगेच्या वरच्या कडेला असलेल्या क्लिपमध्ये. म्हणजे रॉड पूर्ण वेढला गेला. इथवर बरेच जण बरोबर करतात आणि तरीही बॅग उडते. कारण तो बोल्ट चुकीच्या उंचीवर असतो.

बॅग वर उडते तेव्हा तिच्याबरोबर बोल्टही वर जातो. पट्ट्याच्या वेढ्याचा तळ म्हणजे तो बोल्ट. रॉडचा खालचा भाग आणि बोल्ट यांच्यात चार सेंटीमीटर अंतर असेल, तर वरची क्लिप कितीही आवळली असली तरी बॅगेला चार सेंटीमीटर उडायची मोकळीक आहे. तेवढ्यात कोणताही हुक सुटतो. बोल्ट रॉडच्या लगत खाली, जेमतेम चिकटून हवा. बॅग कॅरिअरला टांगा, सामान भरा, म्हणजे ती तिच्या खऱ्या जागी बसेल. रॉडच्या खालच्या कडेशी पाठीवर मार्करनं रेघ मारा. बॅग उतरवा आणि बोल्टचं भोक त्या रेघेला लागूनच खाली पाडा, बोल्टच्या डोक्याच्या निम्म्या रुंदीएवढं. रिकामी बॅग टांगून रेघ मारू नका. कापडी बॅग वजनानं बरीच खाली बसते.

हे एवढं जमलं की निम्म्याहून जास्त बॅगा उडायच्या थांबतात, हुक जुनेच असले तरी.

पट्ट्याच्या टोकाला भोक पाडताना ते कात्रीनं कापू नका. टोक दुहेरी दुमडा आणि सोल्डरिंग आयर्ननं किंवा तापवलेल्या खिळ्यानं भोक वितळवून पाडा, म्हणजे धागे एकमेकांत वितळून बसतात आणि उसवत नाहीत. बोल्ट पाच मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना रुंद वायसर, आत नायलॉक नट (नायलॉनचं कडं असलेला, हिसक्यांनी सहज न सुटणारा). बोल्टचं शेपूट आत सामानाला टोचेल इतकं लांब ठेवू नका. रेनकोट फाटतो.

क्लिप काढघाल करायचा कंटाळा असेल तर दुसरा उपाय आहे: हुकाच्या शेजारी एका बोल्टवर सैल फिरणारी छोटी ॲल्युमिनियमची पट्टी, जी फिरवली की रॉडच्या खालून आडवी येते. छान चालते, पण हिसक्यांनी ती आपोआप फिरते. त्यामुळे तिला अडवायला रबराचा तुकडा किंवा दुसरा बोल्ट लागतोच. लांबच्या फेरीला मी पट्ट्यालाच मत देईन.

पट्टा कायमचा बांधून टाकायचा मोह होतो. तो टाळा. रात्री लॉजवर सामान वर न्यायचं असतं, परतीला सायकल एसटीच्या टपावर चढवायची असते, आणि पंक्चर काढताना सायकल उलटी करायची तर बॅगा आधी उतरवाव्याच लागतात. दोन क्लिपांत बॅग सुटली पाहिजे.

हुकाची जीभ आणि आतली फट

हुक जाड करायची गरज क्वचितच असते, पण त्याचा आकार नीट असावा लागतो. रॉडवरून आत उतरणारी जीभ किमान अडीच सेंटीमीटर ठेवा. एक सेंटीमीटरची जीभ रंबलरवरच बाहेर येते. दुसरं म्हणजे फट. बाजारातल्या कॅरिअरचे रॉड साधारण 8, 10 किंवा 12 मिलिमीटरचे असतात, जाड नळीचे 16 पर्यंत. हुकाची आतली रुंदी रॉडपेक्षा बरीच मोठी असेल तर प्रत्येक हिसक्याला हुक रॉडवर हातोडीसारखा आपटतो, रंग जातो, मग धातू झिजतो, आणि फट आणखी वाढते. विकतच्या चांगल्या पॅनिअरच्या हुकात वेगवेगळ्या जाडीच्या रॉडसाठी प्लास्टिकच्या आतपट्ट्या मिळतात त्या याचसाठी. घरी हे काम सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा करतो. हुकाच्या आत तो ताणून गुंडाळा, दोन टोकांना झिपटाय (ओढून घट्ट होणारी प्लास्टिकची पट्टी). कोकणात जांभ्याची लाल धूळ या रबरात बसते आणि पॉलिश पेपरसारखी घासते, त्यामुळे फेरीनंतर तुकडा काढून धुवा, झिजला असेल तर बदला.

हार्डवेअरच्या दुकानातली 25 बाय 3 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी हुकाला पुरते. ती वाकवताना रॉडपेक्षा किंचित जाड लोखंडी सळईवर, व्हाइसमध्ये धरून, एकाच दमात वाकवा. आकार चुकला म्हणून सरळ करून परत वाकवलीत तर बाहेरच्या अंगाला केसासारख्या चिरा पडतात. नखानं चाचपून बघा. चीर लागली तर पट्टी टाकून द्या, ती भर रस्त्यात तुटणार.

खालचं टोक: इथे कडक पाठ लागते

वरचा प्रश्न सुटला की लगेच खालचा डोकं वर काढतो. बॅगेचं बूड झोक्यासारखं हलतं, आत आलं की स्पोकला लागतं, बाहेर गेलं की वळणावर सायकल डोलते. बंजीनं खाली ओढून हे थांबत नाही, कारण बॅगेची पाठच मऊ असते.

कापडी, फ्लेक्सच्या किंवा ताडपत्रीच्या बॅगेत पाठीला कडक फळी हवी. जाहिरातीच्या फलकांची सनपॅक शीट सहज मिळते, हलकी असते, पाण्यानं खराब होत नाही. पण एकच शीट वापरली की ती तिच्या आतल्या नळ्यांच्या रेघेवर दुमडते. दोन शीट घ्या, एकीच्या नळ्या उभ्या आणि दुसरीच्या आडव्या, आणि दोन्ही एकत्र बोल्ट करा. मग ती कुठेच वाकत नाही. सहा मिलिमीटरचा प्लायही चालतो, त्याच्या कडांना रंग द्या नाहीतर पहिल्याच पावसात तो फुगतो. जाड प्लास्टिकचा भाजी कापायचा बोर्ड उत्तम, फक्त वजन वाढतं. फळी कोणतीही असो, ती वरच्या हुकांपासून थेट बॅगेच्या बुडापर्यंत एकसंध पाहिजे आणि हुकांचे बोल्ट तिच्यातूनच गेले पाहिजेत. नुसत्या कापडाला लावलेले हुक काही दिवसांतच भोकं लांबवतात.

फळी कडक झाली की कॅरिअरचा उभा पाय तिला आत जाऊ देत नाही. बाहेर जाऊ नये म्हणून त्या पायाभोवती एक छोटा पट्टा, किंवा फळीला बसवलेली एल आकाराची पट्टी जी पायाच्या मागे अडकते. एल पट्टीला गोल भोकाऐवजी लांबट भोक ठेवा, म्हणजे ती सरकवून नेमकी जागा साधता येते.

आता ज्यांच्याकडे साध्या सायकलचं, वर स्प्रिंगचा चिमटा असलेलं कॅरिअर आहे, त्यांची अडचण वेगळी. त्याला दोन्ही बाजूंना एकेकच पाय असतो आणि फळीला टेकायला दुसरा आधार नसतो. तिथे कितीही चांगली बॅग बनवा, ती त्या एका पायाभोवती फिरून स्पोकला लागणार. आधी मागच्या बाजूनं एक तिरपी पट्टी ॲक्सलपासून कॅरिअरच्या शेपटापर्यंत बसवून घ्या. वेल्डिंगवाला अर्ध्या तासात करून देतो.

टाच लागते, बॅग सरकते

या दोन तक्रारी एकाच दोषाच्या असतात. निघताना टाच लागत नाही, तासाभरानं लागायला लागते, कारण बॅग रॉडवर पुढे सरकलेली असते. हुकाच्या पुढे आणि मागे रॉडवर तीन-चार झिपटाय शेजारी शेजारी घट्ट बांधले की हुकाला हलायला जागा राहत नाही. जागा ठरवताना पायात प्रवासाचेच बूट घाला आणि पेडल मागच्या टोकाला नेऊन टाच आणि बॅग यांच्यात दोन बोटं जातात का ते पाहा. हायब्रिड आणि एमटीबी (डोंगराळ वाटांच्या) सायकलींच्या फ्रेमचा मागचा त्रिकोण टूरिंग सायकलपेक्षा आखूड असतो, म्हणून तिथे बॅगेचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापूनच बॅग शिवलेली बरी. सगळी बॅग मागे ढकलून हा प्रश्न सोडवू नका. वजन ॲक्सलच्या फार मागे गेलं की चढावर पुढचं चाक हलकं पडतं.

डबा किंवा बादली वापरत असाल तर

पंधरा लिटरचा तेलाचा चौकोनी प्लास्टिकचा डबा हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला कच्चा माल आहे. पाठ आपोआप कडक आणि पाण्याची चिंता जवळजवळ संपली. रंगाची गोल बादली मात्र घेऊ नका. ती कॅरिअरला एकाच उभ्या रेघेत टेकते आणि त्या रेघेवर डावी-उजवीकडे लोळत राहते.

डब्याच्या बुडाखाली त्रिकोणात 2 किंवा 5 लिहिलेलं असेल. या दोन्ही जातींच्या प्लास्टिकला कोणताही साधा गोंद किंवा एपॉक्सी धरत नाही. हाताला पक्का वाटतो आणि हिसक्यात पापुद्र्यासारखा निघतो. बोल्टच लावायचे, आणि आतल्या बाजूला सुटे वायसर न लावता दोन बोल्टांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक सलग पट्टी टाकायची, म्हणजे भार पसरतो. बाहेर ट्यूबच्या रबराची चकती, पाणी आत येत नाही. पॉप रिवेट इथे मला पटत नाही. प्लास्टिक दबलं की ती सैल होते आणि नटासारखी परत आवळता येत नाही. दर फेरीआधी भोकांच्या कडा बघा. उन्हानं प्लास्टिक पांढुरकं, खडूसारखं झालं असेल तर चिरा तिथूनच सुरू होतात. असा डबा बदलून टाका, तेलाच्या दुकानात दुसरा मिळतो.

बॅग कापडीच हवी असेल तर ट्रकच्या ताडपत्रीला कमी लेखू नका. आज जगभर टूरिंगवाल्यांच्या सायकलींवर दिसणाऱ्या ओर्टलीबच्या बॅगांची सुरुवात तिथूनच झाली. हार्टमुट ओर्टलीब या जर्मन तरुणाला दक्षिण इंग्लंडच्या पावसात सायकलवर भिजताना जवळून जाणाऱ्या ट्रकांच्या ताडपत्र्या पाहून ही कल्पना सुचली. पहिल्या बॅगा त्यानं आईच्या शिवणयंत्रावर शिवल्या आणि 1982 मध्ये कंपनी सुरू केली. आपल्याकडे घरच्या शिवणयंत्राला ताडपत्रीचे चार थर झेपत नाहीत, सुई मोडते. सीट कव्हरवाल्याकडे त्यासाठीचं जड मशीन असतं.

सगळं करूनही आवाज येतोय

मग बॅगेकडे बघणं थांबवा आणि कॅरिअर हातानं हलवा. ते फ्रेमला धरणारे पाच मिलिमीटरचे बोल्ट ढिले झाले असतील तर बॅग कॅरिअरला घट्ट असूनही दोघं मिळून डोलतात. बोल्ट काढून पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब टाका, परत आवळा. फ्रेमचे आटे गेले असतील तर आणखी जोर लावू नका, तिथे दुकानातच आटे पाडून घ्या. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) चुकवायला घातलेले लांब बोल्ट आणि नळ्या तपासा. लांब बोल्ट वाकतात, आणि कॅरिअर फक्त एकाच बाजूला डोलत असेल तर संशय त्याच बाजूचा घ्या.

भरण्यातही दोष असू शकतो. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, स्टोव्ह, बुडाशी आणि फळीला लगटून. वर हलके कपडे. आत मोकळी जागा ठेवली तर सामान आतून आपटतं आणि बॅगेला तेच धक्के देतं. डावी-उजवी वजनं काट्यावर घालून साधारण सारखी करा. आणि कॅरिअरवर कोरलेली मर्यादा वाचा. चांगल्या ॲल्युमिनियम कॅरिअरवर ती बहुधा 25 किलोची असते आणि त्यात बॅगांचं, वर बांधलेल्या तंबूचंही वजन धरायचं असतं.

चाचणी रस्त्यावर न करता आधी घराखाली करा. पूर्ण सामान भरा, सीट धरून मागचं चाक वीतभर उचला आणि सोडा. असं दहा वेळा. त्यानंतर क्लिपा न सोडता दोन्ही हुकांखाली बोट घाला. हुक रॉडवर बसलेलेच असले पाहिजेत आणि पट्टा सैल नको. मग मित्राला मोबाइल घेऊन कॉलनीतल्या गतिरोधकाशी उभं करा, स्लो मोशन चालू करून मागचं चाक टिपायला सांगा आणि तुम्ही नेहमीच्या वेगानं त्यावरून जा. कोणता हुक आधी उचलतो, बूड किती बाहेर जातं, पट्टा कुठे ढिला पडतो, हे डोळ्यांना एरवी कधीच दिसत नाही ते तिथे स्पष्ट दिसतं. मागचा हुक आधी उचलताना दिसला तर पट्टा मधोमध ठेवण्याऐवजी मागच्या हुकाजवळ सरकवा, कारण ॲक्सलच्या मागे असलेला भाग नेहमीच जास्त उसळतो.

फेरीला निघताना हँडलबारच्या बॅगेत एवढं ठेवा: पाचचे तीन-चार बोल्ट, नायलॉक नट, वायसर, मूठभर झिपटाय, ट्यूबचा हातभर तुकडा, मीटरभर नवार आणि एक जादा क्लिप. क्लिप घेताना पट्ट्याच्या रुंदीचीच घ्या. मोठ्या क्लिपमधून अरुंद पट्टा हळूहळू सरकत सुटतो.